ब्लॅक अँड व्हाइट रोल धुवून आला, आता पुढे काय? म्हापशाच्या बाजारातल्या एका फ्रेमवरून सगळं

गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी बरीच वर्षं एक जुना मॅन्युअल कॅमेरा आणि एचपी५ या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा रोल घेऊन फिरतोय, आणि फिल्मचं वेड नवीनच लागलेली पोरं भेटली की प्रश्न ठरलेला, रोल धुवून आला पण फोटो असे का दिसतात? कारण लॅबवाल्याकडून जे स्कॅन येतात ते एकतर कोळसा नाहीतर चुना, मधलं काही नाहीच. दर वेळी चहाच्या गाड्यावर तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतो, आणि हवेत बोलण्यापेक्षा एकच फ्रेम घेतो.

फ्रेम अशी आहे. सकाळचे अकरा वाजलेत, निळ्या ताडपत्रीखाली चवरीसाच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळा टांगून एक मावशी बसलीय, आणि तिच्या मागे चार पावलांवर उन्हात पांढरा शर्ट घातलेला मोटारसायकल पायलट, म्हणजे आपला दुचाकी टॅक्सीवाला, चुन्याच्या भिंतीला टेकून उभा. मावशी सावलीत, शर्ट उन्हात, भिंत शर्टाहून पांढरी. आपल्याकडे रस्त्यावर फोटो काढायचे म्हणजे हाच उजेड, मडगावच्या बाजारात तोच आणि पणजीतल्या फोंतेन्यासच्या गल्लीत पण तोच. फिल्ममध्ये हे सगळं मावलेलं असतं बरं का, ब्लॅक अँड व्हाइट फिल्म त्या बाबतीत खूप दिलदार आहे. मार खातो तो स्कॅन.

तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, म्हणजे बाकीचं सोपं जाईल. स्कॅन म्हणजे फोटो नाही, स्कॅन म्हणजे निवडून धुतलेले तांदूळ, भात व्हायचाय अजून. त्यामुळे चांगला स्कॅन दिसायला मरगळलेला, राखाडी आणि बेचवच असला पाहिजे, आणि स्क्रीनवर पहिल्याच फटक्यात झकास दिसतोय तर समजा की कुठेतरी काहीतरी कापलं गेलंय.

आधी नेगेटिव्ह बघायला शिका. लाइट पॅनेलवर ठेवा, पॅनेल नसेल तर मोबाईलवर पांढरा स्क्रीन लावा आणि ५० एमएमची लेन्स उलटी धरून भिंगासारखी वापरा, मस्त चालते. माझ्या फ्रेममध्ये मावशीचा चेहरा नेगेटिव्हवर जवळजवळ पारदर्शक होता आणि शर्ट-भिंत काळीकुट्ट. जुने लोक एक युक्ती सांगायचे, नेगेटिव्ह छापील वर्तमानपत्रावर धरायची, सगळ्यात दाट भागातून अक्षरं अंधुक का होईना वाचता आली तर तिथे तपशील आहे, प्रिंटमध्ये आणता येईल. आणि पारदर्शक भागात काही आकारच नसेल, नुसती कोरी फिल्म, तर तिथून काही निघणार नाही, कितीही महागडा स्कॅनर आणा. मावशीच्या चेहऱ्यात डोळे, नाक, कानातल्या कुड्या पुसट दिसत होत्या, म्हणजे काम होणार होतं.

पूर्ण रोल मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन करत बसू नका, सुरुवातीला सगळेच करतात, मीही केलंय, रविवार गेला आणि हातात काय तर ३६ फाईली, त्यातल्या ३३ कचरा. पट्ट्या स्लीव्हमध्ये घालून लाइट पॅनेलवर पसरा, मोबाईलने एक फोटो काढा आणि मोबाईलच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमधून कलर इन्व्हर्ट चालू करा, झाली तुमची कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे सगळ्या फ्रेम एकाच पानावर. त्यातून तीन-चार निवडा. शक्य असेल तर निवडायच्या आधी महिनाभर थांबा, फोटो काढतानाची मजा डोक्यातून उतरली की चाळण बारीक लागते. गॅरी विनोग्रँड हा न्यूयॉर्कचा स्ट्रीट फोटोग्राफर याच कारणासाठी रोल वर्ष-वर्ष न धुता ठेवायचा, १९८४ साली गेला तेव्हा न धुतलेले सुमारे अडीच हजार रोल मागे राहिले. पण आपल्या हवेत तसं करायला जाऊ नका हं, उष्णता आणि दमटपणात न धुतलेल्या फिल्मवरची प्रतिमा फिकी पडत जाते. धुवा लगेच, निवडा उशिरा.

आता साफसफाई. एप्रिल-मेमध्ये आपली ती लाल धूळ, आणि जून लागला की बुरशी, मोकळे असे महिने मिळतात चारच. स्कॅन करताना नेगेटिव्हवर धूळ असेल तर फोटोत पांढरे ठिपके येतात. रबरी ब्लोअर घ्या, तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते आणि तो डाग मग निघत नाही. फिल्म घरी धुवत असाल तर शेवटचं पाणी नळाचं किंवा विहिरीचं नको, गॅरेजमध्ये बॅटरीसाठी डिस्टिल्ड वॉटर मिळतं त्यात वेटिंग एजंटचे (फिल्मवर पाण्याचे थेंब टिकू न देणारं साबणासारखं द्रावण) दोन-चार थेंब टाकून बुडवा, नाहीतर वाळताना पाण्याचे गोल डाग राहतात. वाळत घालायची जागा बाथरूम, दार बंद, पंखा बंद, खाली कपड्यांचा चिमटा वजनाला. पावसात सहा-सात तास लागतात तेवढे लागू द्या, अर्धवट ओली फिल्म स्लीव्हमध्ये घातली की चिकटलीच म्हणून समजा.

स्कॅनर की कॅमेरा, हा वाद इथे नको. घरात जे आहे ते वापरा. दोन्हीबद्दल थोडं थोडं सांगतो.

फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर खोक्यावरच्या ६४०० डीपीआयवर जाऊ नका, ३५ एमएमच्या फिल्मवर खरी ताकद त्याच्या निम्मीसुद्धा नसते. ३२०० ला स्कॅन करा, मोड १६ बिट ग्रेस्केल, फाईल टिफ. एक फ्रेम साधारण २७ एमबीची होते. हिशोब सोपा आहे, फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे २४०० डीपीआयला सुद्धा ३४०० बाय २२६७ पिक्सेल मिळतात आणि ते ३०० ने भागलं तर सव्वाअकरा इंच बाय साडेसात इंच, म्हणजे ८ बाय १२ ची प्रिंट आरामात निघते. फिल्मची चकचकीत बाजू आणि मंद बाजू ओळखा, मंद ती इमल्शनची, म्हणजे प्रतिमेचा थर असलेली. चकचकीत बाजू काचेला चिकटली की पेट्रोल सांडल्यावर दिसतात तशी वर्तुळं उमटतात, न्यूटन रिंग्ज म्हणतात त्यांना, आणि पावसाळ्यात फिल्म काचेला जास्तच चिकटते. म्हणून नेगेटिव्ह काचेवर सरळ ठेवायची नाही, होल्डरमध्ये अधांतरी. फिल्म गुंडाळी होत असेल तर स्लीव्हसकट दोन जाड पुस्तकांखाली दोन दिवस.

स्कॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये चार गोष्टी बंद करायच्या: ऑटो एक्सपोजर, शार्पनिंग, ग्रेन रिडक्शन आणि डस्ट काढणारी ती डिजिटल आइस. शेवटची का बंद, ते नीट समजून घ्या कारण यात खूप जण फसतात. आइस इन्फ्रारेड उजेड वापरते, रंगीत फिल्मच्या रंगांतून इन्फ्रारेड आरपार जातो आणि धूळ अडते, त्यामुळे यंत्राला धूळ कळते. पण एचपी५, ट्राय-एक्स अशा फिल्ममध्ये प्रतिमाच चांदीची असते आणि चांदी इन्फ्रारेडला अडवते, मग यंत्राला तुमचा अख्खा फोटोच धूळ वाटतो आणि ते कडा खात सुटतं. मावशीच्या चवरीसाच्या माळा पहिल्या स्कॅनमध्ये मेण वितळल्यासारख्या दिसत होत्या, मी दोन दिवस लेन्सला शिव्या घातल्या. अपवाद एक्सपी२ सारख्या फिल्मचा, ती ब्लॅक अँड व्हाइट असली तरी रंगीत रोलच्या सी-४१ केमिकलमध्ये धुतात आणि तिच्यात शेवटी चांदी उरत नाही, तिला आइस चालते.

मग हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळं किती आणि पांढरं किती ते दाखवणारा डोंगरासारखा आलेख. ऑटो बंद केलं की डावा-उजवा बाण हाताने ओढा, डोंगराच्या पायथ्याला टेकवू नका, दोन्हीकडे थोडी मोकळी जागा सोडा. माझ्या फ्रेममध्ये उजवीकडे शर्ट आणि भिंतीची एक बारीक शेपटी होती, ऑटो ती शेपटी कापत होतं आणि डावीकडून मावशीचा चेहरा पण. बाण बाहेर ओढले तेव्हा स्क्रीनवर पावसाळी दुपारीसारखा उदास राखाडी फोटो आला. हाच पाहिजे होता.

कॅमेऱ्याने स्कॅन करणार असाल तर मॅक्रो लेन्स, चांगला लाइट पॅनेल ज्याच्यावर सीआरआय (उजेडाचा दर्जा सांगणारा आकडा) ९५ च्या वर लिहिलंय, आणि नेगेटिव्ह सपाट धरणारा होल्डर. ट्रायपॉडवर कॅमेरा खाली तोंड करून, आयएसओ १००, एफ/८, रॉ फाईल, दोन सेकंदांचा टायमर, आणि छताचा पंखा बंद, घाम आला तरी बंद. कॅमेरा आणि फिल्म समांतर आहेत का ते बघायला होल्डरच्या जागी छोटा आरसा ठेवा, व्ह्यूफाइंडरमध्ये तुमच्याच लेन्सचं गोल बरोब्बर मधोमध दिसलं की जमलं. आरसा नाही लावला तर एक कोपरा कायम मऊ येणार. नेगेटिव्हच्या भोवतीचा उघडा उजेड काळ्या कार्डपेपरने झाका, नाहीतर तो लेन्समध्ये शिरून नेगेटिव्हमधले काळे भाग फिके करतो. टॅबलेटचा स्क्रीन लाइट म्हणून वापरत असाल तर नेगेटिव्ह त्याच्यापासून तीन-चार इंच उचला, चिकटवून ठेवली की पिक्सेलची जाळी फोटोत येते. नेगेटिव्ह आहे हे विसरू नका, इथे सगळ्यात उजळ भाग म्हणजे फिल्मची कोरी कडा, ती जळणार नाही इतपत एक्सपोजर द्यायचं. मग कर्व्ह उलटा केला की पॉझिटिव्ह तयार, ब्लॅक अँड व्हाइटला त्यासाठी पैसे देऊन प्लगइन घ्यायची गरज नाही. फुकटात डार्कटेबल आहे, त्यात नेगाडॉक्टर नावाचं मोड्यूलच आहे. फोटो आरशासारखा उलटा आला तर फ्लिप करा, दुकानाची पाटी वाचून बघायची सवय लावा म्हणजे चूक लगेच कळते.

आता खरं काम. राखाडी स्कॅन उघडला. पहिल्यांदा १०० टक्के झूम करून धूळ काढायची, डावीकडून उजवीकडे, ओळीओळीने, तांदळातले खडे निवडतात तसं. यात घाई नाही. एका फ्रेमला मला वीस मिनिटं लागतात, रेडिओ लावून बसतो.

मग ठरवायचं की या फोटोत राजा कोण. मावशी की शर्ट? दोघांना एकाच वेळी खूश करायला गेलात की तो मधलाच सपाट फोटो येतो जो मोबाईल आपोआप काढतो, सावली उपसलेली, ऊन दाबलेलं, सगळीकडे एकच उजेड. मावशीचा चेहरा मला मधल्या राखाडीपेक्षा थोडाच खाली हवा होता, सावलीत बसलीय ना ती, सावली वाटली पाहिजे. चवरीसाच्या माळा जवळजवळ काळ्या. आणि भिंत पांढरी, पण कागदाइतकी कोरी नाही, चुन्याचे पोपडे दिसतील इतपत. हे ठरल्यावर आधी कर्व्हने पूर्ण फोटोचा उजेड बसवला, मग मऊ ब्रश दहा टक्क्यांवर ठेवून चेहरा हळूहळू उजळ आणि भिंत हळूहळू गडद. एका फटक्यात केलं की चेहऱ्याभोवती उजेडाची कडी येते आणि मावशी चर्चमधल्या सायबिणीसारखी, मेरीमातेसारखी, दिसायला लागते. ग्रेन पुसू नका. तीच तर फिल्म आहे. शार्पनिंग प्रिंटच्या मापाला आणल्यावर शेवटी, आणि कमी.

स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणा. बहुतेकांच्या प्रिंट काळ्या येतात त्याचं कारण एवढंच की स्क्रीन ट्यूबलाइटसारखा पेटलेला असतो. स्क्रीनवर कोरी पांढरी विंडो उघडा, शेजारी कोरा कागद धरा, खोलीच्या उजेडात दोन्ही सारखे वाटले की ठीक.

प्रिंट कुठे काढायची? आपल्याकडच्या बहुतेक लॅबचा धंदा लग्नाच्या अल्बमवर चालतो आणि यंत्र रंगीत कागदाचं असतं, त्यावर ब्लॅक अँड व्हाइट काढलं की कधी हिरवट झाक, कधी गुलाबी. पणजीतल्या एका लॅबमध्ये मला एकदा जांभळी मावशी मिळाली होती. फाईल एसआरजीबी जेपेग करून द्या आणि काउंटरवर तोंडाने सांगा, ‘ऑटो करेक्शन बंद करून काढ रे’, नाहीतर तुम्ही राखलेली सावली यंत्र उपसून टाकतं. माप मागताना लक्षात ठेवा की ४ बाय ६, ८ बाय १२ आणि १२ बाय १८ यांतच पूर्ण फ्रेम बसते, ५ बाय ७ किंवा ८ बाय १० सांगितलं की कडा कापल्या गेल्या, आणि स्ट्रीट फोटोत कडेलाच तर अर्धी मजा असते. तेच माप हवं असेल तर भोवती पांढरी किनार ठेवून फाईल द्या.

आणि मोठी प्रिंट सांगायच्या आधी हे नक्की करा: ४ बाय ६ च्या एका फाईलमध्ये चेहऱ्याचा तोच तुकडा पाच वेळा शेजारी शेजारी लावा, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा उजळ, आणि खाली १ ते ५ आकडे लिहा. डार्करूममधली टेस्ट स्ट्रिपच ही, फक्त लॅबच्या यंत्रावर. एका छोट्या प्रिंटच्या पैशात कळतं की तुमच्या स्क्रीनमध्ये आणि त्यांच्या कागदात फरक किती. प्रिंट घराबाहेर दिवसाउजेडी सावलीत बघा, काउंटरच्या लाइटखाली नाही.

मी हे न करता थेट ८ बाय १२ काढली आणि हौसेने मावशीला नेऊन दिली. तिने हात पुसले, फोटो लांब धरला, जवळ आणला, आणि म्हणाली, ‘पुता, हांव इतली काळी दिसतां?’ शेजारची मिरचीवाली हसून हसून आडवी. मी सावली-बिवलीचं सांगायला लागलो पण खरं म्हणजे तिचं बरोबर होतं, स्क्रीनवर जे ‘थोडं खाली’ होतं ते कागदावर चांगलंच खाली गेलं होतं. नंतर पाच तुकड्यांची पट्टी काढली तेव्हा चौथ्या नंबरची मावशी खरी मावशी निघाली.

लॅबचा कंटाळा आला तर पिगमेंट शाईचा प्रिंटर आणि सुती मॅट कागद, काळे मखमलीसारखे येतात, पण खर्च ऐकून घरचे बोलतील. कागदाचं पाकीट पावसात उघडं ठेवलंत तर कडा वर उचलून हेडला घासतात, आणि प्रिंटर महिनाभर बंद ठेवला की नोझल तुंबतात, आठवड्याला एक तरी पान काढाच. दुसऱ्याकडून प्रिंट काढून घेण्यात कमीपणा काही नाही, कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच फोटोग्राफरच्या प्रिंट पॅरिसच्या पिक्टो लॅबमध्ये निघायच्या.

डार्करूमची हौस असेल तर मात्र तिच्यासारखं सुख नाही. बाथरूम, रात्रीची वेळ, खिडकीला काळा कपडा, लाल सेफलाइट, आणि कुणाकडून तरी मिळालेला जुना एन्लार्जर (नेगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र), जो बहुतेक वेळा एखाद्या बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावर असतो. सेफलाइट खरंच सेफ आहे का ते तपासायला अंधारात कागदाच्या तुकड्यावर नाणं ठेवून लाल उजेडात पाच मिनिटं थांबा आणि डेव्हलप करा, नाण्याचं गोल उमटलं तर बल्ब बदला. सुरुवातीला रेझिन कोटेड (प्लास्टिकचा थर असलेला) मल्टिग्रेड कागद घ्या, त्यावर फिल्टर बदलून कॉन्ट्रास्ट कमी-जास्त करता येतो. लेन्स एफ/८, फिल्टर अडीच नंबर, कार्डबोर्ड सरकवत पाच-पाच सेकंदांची टेस्ट स्ट्रिप. डेव्हलपरमध्ये एक मिनिट, स्टॉप बाथ दहा सेकंद, फिक्सर एक मिनिट, वाहत्या पाण्यात दोन मिनिटं. पुस्तकात २० डिग्री लिहिलेलं असतं आणि आपल्या टाकीतलं पाणी मे महिन्यात ३० वर, म्हणून डेव्हलपरचा ट्रे मोठ्या घमेल्यात ठेवून बाजूने बर्फाच्या बाटल्या लावा. कागदाला फिल्मइतके नखरे नसतात, २४ पर्यंत निभतं, पण रात्रभर एकच तापमान राहू दे, नाहीतर पहिली आणि दहावी प्रिंट जुळत नाही.

इथे मावशीचा चेहरा उजळायचा म्हणजे तारेला चिकटवलेला गोल पुठ्ठा एक्सपोजरच्या पावभर वेळ चेहऱ्यावर धरून हलवत राहायचा, आणि भिंतीला मग पुठ्ठ्याच्या भोकातून दुप्पट वेळ जास्तीचा उजेड. हात थांबला की कडा उमटलीच. माझ्या पहिल्या सहा प्रिंट गेल्या. ओली प्रिंट वाळल्यावर किंचित गडद होते हेही धरून चला. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते, तो विहिरीजवळ किंवा परसातल्या माडाच्या आळ्यात ओतू नका, कॅनमध्ये साठवा आणि एक्स-रेवाल्यांना विचारा, चांदी काढून घेणारे लोक त्यांच्या ओळखीचे असतात.

साठवण्याबद्दल थोडक्यात. हवेतला दमटपणा ६० टक्क्यांच्या वर टिकला की बुरशीला रान मोकळं, ती फिल्मवरचं जिलेटिन खाते, आणि आपल्याकडे जुलैत ८०-९० रोजचं. माझे दोन रोल लोखंडी कपाटात कपड्यांखाली ठेवले होते, गणपतीत काढले तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, पुसूनही गेले नाहीत. पीव्हीसीचे पाऊच टाळा, पॉलिप्रोपिलीनच्या स्लीव्ह घ्या, रबरी रिंगचा घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा छोटा ह्युमिडिटी मीटर, काटा ४० ते ५० मध्ये ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतायचे, पण तो तवा मग पोळ्यांना नाही.

आणि बाजारात कुणाला प्रिंट द्यायची असेल तर रेझिन कोटेडच द्या, प्लास्टिकचा थर नसलेला फायबर कागद आपल्यासाठी ठेवा. मावशीने चौथ्या नंबरची प्रिंट ताडपत्रीच्या बांबूला माळांच्या शेजारीच लावलीय, तेलाचे हात लागतात, पावसाचे शिंतोडे बसतात, दर शुक्रवारी ती ओल्या फडक्याने पुसते आणि अजून तरी काही झालेलं नाही.